'बिफोर वुई वेअर युवर्स' : हिरावलेली भावंडे, कौटुंबिक गुपिते आणि कादंबरीचा दुहेरी काळ

प्रस्तावना :

ऐतिहासिक कादंबरी म्हटले की मराठी वाचकासमोर प्रथम उभे राहतात ते राजे, पेशवे, गडकोट आणि लढाया. हरिभाऊ आपट्यांपासून रणजित देसाई यांच्या 'स्वामी'पर्यंत ही वाट सरळ आलेली आहे. परंतु इतिहास दरबारात घडतो तसाच तो न्यायालयाच्या दप्तरात, रुग्णालयाच्या खाटेशेजारी आणि अनाथाश्रमाच्या नोंदवहीतही घडत असतो. गेल्या काही दशकांत अमेरिकन कादंबरीने या दुसऱ्या प्रकारच्या इतिहासाकडे मोठ्या प्रमाणावर लक्ष वळवले. लिसा विंगेट यांची २०१७ साली प्रसिद्ध झालेली 'बिफोर वुई वेअर युवर्स' ही कादंबरी या प्रवाहातील एक वाचकप्रिय कृती होय. लोकप्रिय झालेल्या कृतीकडे समीक्षा बहुधा दोन पद्धतींनी पाहते : एक तर ती कृती रंजनपर ठरवून बाजूला सारली जाते, नाहीतर तिच्या विषयाच्या गांभीर्यामुळे तिचे सारे दोष माफ केले जातात. या कादंबरीच्या बाबतीत हे दोन्ही मार्ग अपुरे आहेत. तिचे रचनातंत्र तिच्या विषयातून उगवलेले आहे आणि तिचा शेवट मात्र त्याच विषयाला काही प्रमाणात छेद देतो. या दोन गोष्टींचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कादंबरीमागील इतिहास :

कादंबरीतील फॉस कुटुंब काल्पनिक आहे, पण ज्या संस्थेने त्या कुटुंबाचे तुकडे केले ती संस्था खरी आहे. टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात 'टेनेसी चिल्ड्रन्स होम सोसायटी' या संस्थेची शाखा जॉर्जिया टॅन ही स्त्री १९२४ पासून १९५० पर्यंत चालवीत होती. बाहेरून पाहता ती समाजसेविका होती आणि दत्तक देण्याच्या कार्यातील तज्ज्ञ म्हणून तिचा मान होता. प्रत्यक्षात गरीब आईबापांची मुले फसवून, धमकावून किंवा सरळ पळवून आणली जात आणि सधन कुटुंबांना पैसे घेऊन दिली जात. राज्यातल्या राज्यात दत्तक देण्याचे शुल्क नाममात्र होते. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया येथील ग्राहकांकडून मात्र शेकडो डॉलर उकळले जात आणि ती रक्कम टॅनच्या खिशात जाई. अभिनेत्री जोन क्रॉफर्ड हिच्या जुळ्या दत्तक मुली याच संस्थेतून आलेल्या होत्या. 'मेम्फिस प्रेस-सिमिटर' या वृत्तपत्रात नाताळच्या सुमारास दत्तक देण्याच्या मुलांची छायाचित्रे जाहिरातीसारखी छापली जात. आज ही गोष्ट अंगावर काटा आणते, तेव्हा ती पुण्यकर्मात जमा होती.

हे एकट्या बाईचे काम नव्हते. बालन्यायालयाच्या न्यायाधीश कमिल केली यांच्या हुकुमांनी मुले कायदेशीरपणे आईबापांपासून तोडली जात. शहरावर ई. एच. क्रम्प या राजकीय पुढाऱ्याची पकड होती आणि त्याच्या छायेत संस्थेला कोणी जाब विचारीत नसे. सुमारे ५,००० मुले या संस्थेमार्फत दत्तक गेली असावीत आणि हलगर्जीपणाने व छळाने सुमारे ५०० मुले दगावली असावीत, असा अंदाज केला जातो. सप्टेंबर १९५० मध्ये गव्हर्नर गॉर्डन ब्राउनिंग यांनी संस्थेच्या गैरव्यवहाराची चौकशी जाहीर केली. त्यानंतर तीनच दिवसांनी, १५ सप्टेंबर रोजी, टॅन कर्करोगाने मरण पावली. तिच्यावर खटला चालला नाही. केली यांनी पद सोडले, पण त्यांनाही शिक्षा झाली नाही. झालेली दत्तके कायम ठेवण्यात आली आणि कागदपत्रे मोहोरबंद झाली. ती पाहण्याची वाट टेनेसीने १९९५ च्या कायद्याने मोकळी केली, तोपर्यंत अनेक आईबाप मरून गेले होते.

हा तपशील येथे विस्ताराने दिला याचे कारण कादंबरीच्या रचनेत आहे.

दोन काळ आणि एक बंद दप्तर :

कादंबरीचे दोन पदर आहेत. पहिल्या पदरात १९३९ सालचे मेम्फिस आहे. मिसिसिपी नदीवर 'आर्केडिया' नावाच्या लाकडी घरनौकेत ब्रायनी आणि क्वीनी हे दांपत्य पाच मुलांसह राहते. मंदीच्या काळात अशी हजारो नदीवासी कुटुंबे होती. जमिनीवरचे लोक त्यांना भटके, बेभरवशाचे मानीत. क्वीनीचे बाळंतपण अडते, मूल आडवे आलेले असते, सुईण हात टेकते आणि वादळी रात्री ब्रायनी बायकोला शहरातील रुग्णालयात नेतो. बारा वर्षांच्या रिलवर धाकट्या चौघांची, कमिलिया, लार्क, फर्न आणि गॅबियन यांची जबाबदारी पडते. आईबाप परतण्याआधी दुसरीच माणसे नावेवर येतात. मुलांना मिसेस मर्फीच्या वसतिगृहात नेले जाते. तिथून एकेक भावंड नाहीसे होत जाते.

दुसऱ्या पदरात आजचा काळ आहे. दक्षिण कॅरोलिनातील एकेन येथील प्रतिष्ठित स्टॅफर्ड घराण्यातील एव्हरी ही तरुण वकील आपल्या आजारी वडिलांना, सिनेटर वेल्स स्टॅफर्ड यांना, मदत करण्यासाठी घरी आलेली आहे. वडिलांच्या जागेवर उद्या तिलाच उभे करण्याचा कुटुंबाचा बेत आहे. एका वृद्धाश्रमातील कार्यक्रमात मे क्रँडल नावाची म्हातारी तिचा हात धरते आणि तिच्या मनगटावरील चतुराच्या नक्षीचे कंकण पाहून तिला फर्न म्हणून हाक मारते. ते कंकण एव्हरीच्या आजीचे, जूडीचे, आहे आणि आजीची स्मृती आता हरपत चालली आहे. येथून शोध सुरू होतो.

दोन्ही पदरांचे निवेदन प्रथमपुरुषी आणि वर्तमानकाळात आहे. प्रकरणे आलटून पालटून येतात. अशी रचना आजच्या लोकप्रिय ऐतिहासिक कादंबरीत इतकी रुळलेली आहे की ती एक व्यापारी साचा वाटावा. घरात एखादी जुनी वस्तू सापडते, नात शोधाला निघते, वाटेत एक देखणा पुरुष भेटतो, शेवटी आजीचे गुपित उलगडते. विंगेट यांनीही हा साचा पुरेपूर वापरला आहे. एव्हरीचा जुळलेला पण कोमट विवाह आणि एडिस्टो बेटावर भेटणारा ट्रेंट टर्नर यांचे कथानक कुठल्याही कादंबरीत बसले असते, त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

तरीही या कृतीत दुहेरी काळ हा निव्वळ साचा राहत नाही. मेम्फिसच्या गुन्ह्याचे स्वरूपच असे होते की तो घडला तेव्हा कोणाला सांगता येत नव्हता. मुलांची नावे बदलली गेली, जन्मतारखा बदलल्या, आईबापांचे पूर्वचरित्र नव्याने रचले गेले आणि नंतर कायद्याने ते दप्तर बंद झाले. ज्यांचे आयुष्य त्या दप्तरात होते त्यांना ते चाळीस-पन्नास वर्षे उघडता आले नाही. त्यामुळे या गुन्ह्याचा साक्षीदार म्हातारा झाल्यावरच बोलू शकतो आणि ऐकणारा बहुधा तिसऱ्या पिढीतला असतो. १९३९ ते वर्तमान या दोन टोकांमधली पोकळी लेखिकेने सोयीसाठी ठेवलेली नाही, ती टेनेसीच्या कायद्याने निर्माण केलेली आहे. ट्रेंटच्या आजोबांनी लोकांसाठी जपून ठेवलेली पाकिटे हे त्याचेच प्रतीक आहे. ते आजोबा स्वतः याच संस्थेतून गेलेले होते आणि सरकारी दप्तर जेथे मुके होते तेथे त्यांनी आपल्यापुरते एक खाजगी दप्तर चालवले. या पात्राला कादंबरीत जेमतेम जागा मिळाली आहे. ती वाढवली असती आणि प्रेमकथेची कमी केली असती तर कादंबरीला ते मानवले असते.

गुपिताची मांडणीही लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. रिलचे नाव मर्फीच्या घरात मे वेदर्स असे होते, त्यामुळे वृद्धाश्रमातील मे म्हणजेच रिल हे वाचकाला लवकर कळते. मग वाचक जूडीच्या जागी कधी लार्कला, कधी फर्नला, कधी कमिलियाला बसवून पाहतो. प्रत्यक्षात जूडी या चौघांपैकी कोणीच नसते. क्वीनीला जुळे झालेले असते, ती बाळे मेली असे आईबापांना सांगितले जाते आणि त्यांच्याकडून कागदांवर सह्या घेतल्या जातात. जूडी ही त्या जुळ्यांपैकी एक. कादंबरीच्या आरंभीच, ऑगस्ट १९३९ मधील बाल्टिमोर येथील एका सधन घरातल्या मृतजात बाळाचा प्रसंग येतो. निवेदिकेने ती जागा कधीच पाहिलेली नाही, ती केवळ कल्पनेने तो प्रसंग उभा करते आहे. प्रथम वाचनात या प्रसंगाचा फॉस कुटुंबाशी संबंध लागत नाही. दुसऱ्या वाचनात कळते की जूडीची जागा तिथेच रिकामी झालेली होती. नदीवर एकही दिवस न राहिलेली, नावेची कोणतीही आठवण नसलेली बहीणच या शोधाचे केंद्र ठरते. आठवणींवर उभ्या असलेल्या या कादंबरीत तिच्याजवळ आठवण नाही, आहे ते फक्त रक्त आणि पुढे बहिणींनी दिलेले कंकण. म्हातारपणी तर उरलेल्या आठवणीही तिला सोडून जातात. ही रचना साधी नाही.

'अनाथ' या शब्दाचा प्रश्न :

या कादंबरीची चर्चा करताना 'अनाथ भावंडांची कथा' असा शब्दप्रयोग सहज केला जातो. तो तपासून घ्यायला हवा. मराठीत 'अनाथ' आणि 'पोरका' हे शब्द जवळजवळ एकाच अर्थाने वापरले जातात, तरी त्यांत एक सूक्ष्म भेद जाणवतो. अनाथ ही नोंदवहीतील संज्ञा झाली आहे, आश्रमाच्या पाटीवर हाच शब्द असतो. पोरकेपण ही मात्र मुलाला आतून जाणवणारी गोष्ट आहे. फॉस भावंडे नावेवरून उचलली जातात तेव्हा ती अनाथ नाहीत. त्यांचे आईबाप त्याच शहरातील रुग्णालयात आहेत. ती अनाथ होतात ती कागदावर, आईबापांना न कळलेल्या एका सहीने. पोरकेपण त्यांच्या वाट्याला त्यानंतर, मर्फीच्या तळघरात आणि अंधाऱ्या जिन्यावर येते. विंगेट यांच्या लेखनाचा सर्वोत्तम भाग या मधल्या अंतरात आहे.

रिलचे पात्र त्यामुळेच ठसते. ती बारा वर्षांची मुलगी आईची जागा घेऊ पाहते आणि ते तिच्या आवाक्याबाहेरचे आहे. आईबाप येणार आहेत, थोडेच दिवस, असे ती धाकट्यांना सांगत राहते. हे खोटे आहे हे तिला कळू लागते तरी ती सांगणे थांबवत नाही. शिस्तीने वागले तर आपण सगळे एकत्र राहू, या आशेने ती मर्फीच्या घराचे नियम पाळते आणि कमिलियानेही ते पाळावेत म्हणून तिला दटावते. कमिलिया दबत नाही. घरातील रिग्ज नावाच्या पुरुषाची वाईट नजर मुलींवर आहे. त्याच्या अत्याचाराला बळी पडलेली कमिलिया नंतर कधीच दिसत नाही. या प्रसंगांत लेखिकेने संयम राखला आहे. क्रौर्याचे वर्णन करण्यापेक्षा ते ऐकू येणाऱ्या मुलीच्या कानांवर भर दिला आहे. आज्ञाधारकपणाने कोणी वाचत नाही हे रिलला उमगते तेव्हा उशीर झालेला असतो आणि बहिणीला आपणच गप्प बसवले ही बोच तिला जन्मभर पुरते. कादंबरीतील अपराधभाव गुन्हेगारांच्या वाट्याला कोठेच येत नाही, तो सगळा एका मुलीवर येऊन पडतो. संस्थात्मक क्रौर्याचे याहून नेमके निदान कादंबरीत दुसरीकडे आढळत नाही.

वृद्धाश्रमाचा विषयही याच संदर्भात पाहता येतो. एव्हरीच्या कथानकात खाजगी कंपन्यांनी चालवलेल्या वृद्धाश्रमांच्या गैरकारभाराचा राजकीय वाद पार्श्वभूमीला आहे आणि सिनेटरची स्वतःची आई मात्र महागड्या, सुसज्ज निवासात आहे. दुबळ्यांची काळजी पैशाच्या हिशेबाने घेतली जाऊ लागली की काय होते, हा प्रश्न १९३९ मध्ये मुलांच्या बाबतीत आणि आज म्हाताऱ्यांच्या बाबतीत उभा करण्याची संधी लेखिकेसमोर होती. ती तिने नुसती दाखवली आणि सोडून दिली. एव्हरीला वडिलांच्या भूमिकेविषयी खरोखरीचा प्रश्न पडतच नाही.

शेवटाची अडचण :

जॉर्जिया टॅनच्या व्यवहाराला एक विचारसरणीही होती. गरीब आईबाप मुले वाढवायला नालायक असतात आणि सधन, सुशिक्षित घरात गेल्याने मुलाचे कल्याण होते, अशी तिची धारणा होती. काळही या विचाराला अनुकूल होता. सुप्रजननाच्या नावाखाली 'कमी प्रतीच्या' माणसांचे जबरीने निर्बीजीकरण करणे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये 'बक विरुद्ध बेल' खटल्यात वैध ठरवलेले होते. त्यामुळे या गुन्ह्याविषयीच्या कादंबरीला केवळ क्रौर्य दाखवून भागत नाही. या विचाराला तिने उत्तर द्यावे लागते.

कादंबरीच्या पूर्वार्धात ते उत्तर आहे. ब्रायनीच्या गोष्टी, क्वीनीची गाणी, नावेच्या छतावरून दिसणारे आकाश, पोटापुरते मासे, या साऱ्यांतून एक गरीब पण पूर्ण घर उभे राहते. लेखिका त्यात थोडा भाबडा गोडवा घालते, नदीवरच्या थंडीचा, उपासमारीचा आणि रोगराईचा ओझरता उल्लेख करते, हे खरे. 'आर्केडिया' हे नावच त्या गोडव्याची कबुली देते.

उत्तरार्धात मात्र पारडे फिरते. फर्न आणि तिच्यामागोमाग रिल सेव्हियर दांपत्याच्या सुखवस्तू घरात जातात. ते दांपत्य सहृदय आहे आणि टॅनच्या लोभाला तेही बळी पडलेले आहे, ती त्यांच्याकडे आणखी पैसे मागत येते. रिल फर्नला घेऊन नदीकडे पळते. तिथे तिला कळते की क्वीनी मरण पावली आहे आणि ब्रायनी दारूने पार खचला आहे. 'आर्केडिया' वादळात नष्ट होते. रिल सेव्हियर घराकडे परतते. तिकडे जूडी प्रतिष्ठित घराण्याची सून आणि सिनेटरची आई होते. म्हणजे कथानकाच्या हिशेबात नदीवरचे घर बुडते आणि चांगल्या घरी गेलेली मुले तरतात. टॅनने हेच तर सांगितले असते!

याला प्रत्युत्तर असू शकते. क्वीनी आणि ब्रायनी यांचा नाश गरिबीने केलेला नाही, मुले हिरावल्याने झालेला आहे. सेव्हियर भले आहेत हा योगायोग आहे, व्यवस्थेचे श्रेय नाही. शिवाय कमिलिया, गॅबियन आणि जुळ्यांपैकी दुसरे बाळ पुढेही सापडत नाहीत. हे सारे मान्य केले तरी एक गोष्ट राहते. सापडलेल्या मुलांचे भोगणे कादंबरी पानोपानी सांगते, न सापडलेल्यांचे ओळीत संपवते. चांगल्या घराचा दिलासा दृश्यांतून येतो आणि त्याचे मोल निवेदनातून, उडत्या वाक्यांतून. वाचकाच्या मनात काय मागे राहील हे त्यावरून ठरते. दत्तक गेलेल्या अनेक मुलांना प्रेमळ घरे मिळाली हे ऐतिहासिक सत्य आहे आणि ते टाळून चालणार नाही. पण ते सत्य गुन्ह्याच्या शेजारी ठेवताना त्याने गुन्ह्यावर पांघरूण पडू नये, एवढी दक्षता या शेवटात पुरेशी नाही.

आणखी एक मौन अधिक खुपते. टॅनचा बाजार मुख्यतः गोऱ्या मुलांचा होता, सोनेरी केसांच्या मुलांना भाव होता आणि फॉस भावंडांवर नजर पडली तीही त्यांच्या केसांमुळे. मेम्फिस हे वर्णभेदाच्या कायद्यांचे शहर होते. सेव्हियरांच्या घरात झुमा ही कृष्णवर्णीय स्वयंपाकीण आणि तिची मुलगी हूट्सी आहे. नव्याने आलेल्या दोन गोऱ्या मुलींचा हूट्सीला हेवा वाटतो आणि कादंबरी तो बालिश मत्सर म्हणून नोंदवून पुढे जाते. हूट्सीला त्या घरात कोणती जागा आहे, तिला कोणी दत्तक घेण्याचा प्रश्न का येत नाही, हे रिलने विचारले नसते हे समजण्यासारखे आहे. पण ऐंशी वर्षांनी आठवणारी मे तेच विचारत नाही आणि आजची वकील एव्हरीही विचारत नाही. दोन काळ समोरासमोर ठेवण्याचा फायदा नेमका अशा ठिकाणी घ्यायचा असतो.

लुकाच यांनी ऐतिहासिक कादंबरीचा नायक सामान्य असावा असे म्हटले ते यासाठी की त्याच्या आयुष्यातून इतिहासातील परस्परविरोधी शक्ती ये-जा करू शकतात. रिल या अर्थाने खरी ऐतिहासिक नायिका आहे. नदी आणि शहर, गरिबी आणि सधनता, जन्मदाते आणि पालक यांच्या सीमेवर ती उभी आहे. एव्हरी मात्र सगळे कळूनही एकाच बाजूला राहते. आपल्या घराण्यात नदीवरच्या भटक्यांचे रक्त आहे हे कळल्यावर तिच्या वर्गाभिमानाला धक्का बसतो, पण तो हळुवार बसतो. आजी आणि मे यांची पुनर्भेट ती घडवून आणते. ही भेट हृद्य आहे आणि कादंबरी तिला कौटुंबिक घटना म्हणूनच रंगवते. जूडीने आणि तिच्या बहिणींनी प्रौढपणी एकमेकींना शोधून काढल्यावरही हे नाते जगापासून लपवून ठेवले होते. का लपवावे लागले, कोणाच्या प्रतिष्ठेसाठी, याची झाडाझडती शेवटी होत नाही.

कादंबरीनंतर :

कादंबरीच्या यशाचा एक परिणाम साहित्याबाहेर घडला. संस्थेतून गेलेली, आता म्हातारी झालेली माणसे आणि त्यांची मुले-नातवंडे लेखिकेशी संपर्क साधू लागली. २०१८ मध्ये मेम्फिस येथे त्यांचा मेळावा झाला आणि विंगेट व पत्रकार ज्यूडी ख्रिस्ती यांनी त्यांच्या कहाण्या 'बिफोर अँड आफ्टर' या २०१९ च्या पुस्तकात संकलित केल्या. बार्बरा बिसँट्झ रेमंड यांचे टॅनवरील संशोधनपर पुस्तक २००७ मध्येच आलेले होते, पण ज्यांच्यापर्यंत ते पोहोचले नव्हते त्यांच्यापर्यंत कादंबरी पोहोचली. 'बिफोर अँड आफ्टर' वाचल्यावर मूळ कादंबरीच्या शेवटाविषयीची शंका आणखी घट्ट होते, कारण प्रत्यक्ष आयुष्यांत भेट झाली तरी ती बहुतेकदा उशिरा, अर्धवट आणि कधी थडग्यापाशी झालेली आहे.

मेम्फिसच्या एल्मवुड दफनभूमीत संस्थेच्या ताब्यात असताना मरण पावलेली १९ मुले खुणेविना पुरलेली होती. २०१५ मध्ये तेथे त्यांच्यासाठी एक शिळा उभारण्यात आली. कादंबरी त्यानंतर दोन वर्षांनी आली. तीत कमिलियाचे पुढे काय झाले ते मर्फीच्या घरातील कोणी उघडपणे सांगत नाही, तिचा देह कोठे गेला हे रिलला कधी कळत नाही आणि मे क्रँडलच्या आठवणींत दहा वर्षांची कमिलिया दहा वर्षांचीच राहते.